नावे आहे, जमा नाही

आमच्या बँकेत कागदाला आयुष्य ठरवून दिलेले आहे. माणसाला नाही, कागदाला आहे. १९८५ साली सरकारने त्यासाठी खास नियम केले आणि कोणते कागद निदान पाच वर्षे जपायचे व कोणते आठ, ते लिहून टाकले. तेव्हापासून व्हाउचर जन्माला आले की सटवाई त्याच्या कपाळी मरणतारीखही लिहून जाते. वय भरले की यादी करायची, साहेबांची मंजुरी घ्यायची, दोघांनी सह्या ठोकायच्या आणि कागद नष्ट करायचे. यादी मात्र नष्ट करायची नाही. आमच्या शाखेच्या रेकॉर्डरूममध्ये आज कागद थोडे उरले आहेत, पण नष्ट केलेल्या कागदांच्या याद्या छतापर्यंत गेल्या आहेत.

घरच्या कागदांना असे नियम नव्हते. पण तिथे कसर, वाळवी, उंदीर, गळकी कौले आणि रद्दीवाला अशी पाच सभासदांची समिती होती आणि ती कसलाही भत्ता न घेता काम करीत असे. आमचे आजोबा आलेले प्रत्येक पोस्टकार्ड तारेच्या आकड्यात ओवून ठेवत. आकडा भरला की आजी खालची पत्रे काढून बंबात घाली. एका आत्याच्या लग्नाची सगळी बोलणी म्हणे अशीच एका सकाळी अंघोळीच्या पाण्याला लागली. त्या पत्रांत कोणाचे रुसवे होते, कोणाचे हुंडे होते, देव जाणे. पाणी चांगले तापले होते, एवढीच त्यांची नोंद घरात शिल्लक आहे.

ई-मेलचे तसे नाही. ई-मेलला कसर लागत नाही, उंदीर तोंड लावत नाही, रद्दीवाला ती किलोवर घेत नाही. आपण काढून टाकल्याशिवाय ती बहुधा मरत नाही, आणि आपण तर काही काढून टाकत नाही. म्हणजे जो निर्णय आजवर उंदीर घेत होते, तो आता मध्यमवर्गीय माणसावर येऊन पडला आहे. कुठले शब्द ठेवायचे आणि कुठले जाऊ द्यायचे? आणि हे ठरवणारे आपण कोण? वरवर पाहता हा कॉम्प्युटरचा प्रश्न आहे. पण दोन बोटे खणले की तो थेट धर्मराजाच्या टेबलावर जातो.

वास्तविक ई-मेलच्या मूळ पुरुषाला ही चिंता शिवली नव्हती. १९७१ साली रे टॉमलिन्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांमध्ये पहिले पत्र पाठवले आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये ते शेपटीवाले चिन्ह बसवले. पुढे लोक त्याला विचारू लागले की पहिल्या पत्रात लिहिले काय होते? तो म्हणे, विसरलो, विसरण्यासारखेच होते. म्हणजे गोत्रपुरुषानेच बॅकअप घेतला नव्हता!

आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ला. पुढल्या वर्षी हॉटमेल आले, त्यात फुकटातली जागा होती २ एमबी. आजच्या फोनने काढलेला एक फोटोसुद्धा तेवढ्यात पाय आखडून बसेल. तो चाळीतला संसार होता. नवा पाहुणा यायचा तर जुन्याने उठायचे. मग १ एप्रिल २००४ला जीमेलने एकदम १ जीबी देऊ केली, तेव्हा पुष्कळांना ती एप्रिलफूलची थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. उलट तिथे 'आर्काइव्ह' नावाची आणखी एक सोय होती. आर्काइव्ह म्हणजे डोळ्यांसमोरून हलवा, पण टाकू नका. मराठी घरात ह्याला माळा म्हणतात.

माझा माळा गेल्या वर्षी भरला. एके दिवशी निरोप आला की, आपली १५ जीबी जागा संपत आली आहे. जास्त जागा विकत घ्या किंवा आहे ती रिकामी करा, नाहीतर नवी पत्रे येणे बंद होईल. विकत घेणे हा पर्याय आमच्या घरात चर्चेलाही येत नाही. तेव्हा सगळा माळा खाली उतरवून, मोजून, बांधून दुसरीकडे ठेवायचा असे ठरले. चिरंजीव अकरावीत आहेत आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत माझे पालक आहेत. त्यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले.

पहिल्याच दिवशी शेजारचे निवृत्त मामलेदार येऊन बसले. म्हणाले, "बॅकअप कशाला पाहिजे? माझी पत्रं ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर आहेत, तीच घरी आहेत, तीच फोनवर आहेत. तीन प्रती झाल्या की!" चिरंजीवांनी त्यांना समजावले की त्या तीन प्रती नव्हेत, तीन खिडक्या आहेत. आत खोली एकच. फोनवर पत्र पुसले की घरचेही पुसले जाते. मामलेदारांना ते पटेना. मग मी मध्ये पडलो आणि सांगितले, "नाना, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' जॉइंट खातं समजा. पासबुकं दोघांकडे आहेत म्हणून पैसे दुप्पट होतात का? वहिनींनी काढले की तुमचेही गेले." नाना गप्प झाले. हा अनुभव त्यांच्या गाठी असावा.

खऱ्या बॅकअपचा नियम म्हणे ३-२-१ असा आहे. पीटर क्रोग नावाच्या एका छायाचित्रकाराने तो रूढ केला. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंवर असाव्यात, आणि एक दुसऱ्या जागी असावी. मला ह्यात नवे काही वाटले नाही. आमच्या आईचे दागिने काही अंगावर, काही लॉकरात आणि उरलेले कोल्हापूरला ताईकडे असतात. तिने क्रोग वाचलेला नाही.

पत्रे बाहेर काढल्यावर ती एमबॉक्स नावाच्या फाइलीत येतात. ही फाइल म्हणजे बांधीव खतावणीच. एकाखाली एक पत्र, प्रत्येकाच्या डोक्यावर 'फ्रॉम' म्हणून एक ओळ, आणि सगळे साध्या अक्षरांत. हे साधेपण फार मोलाचे. काही कंपन्यांच्या फाइली त्यांच्याच प्रोग्रामने उघडतात. आउटलुकची जुनी पीएसटी फाइल तर २ जीबीच्या पलीकडे गेली की आजारीच पडे. ज्याला जपायचे आहे त्याने पुढच्या पिढीला वाचता येईल अशा लिपीत जपावे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, पण लिहिणे मोडीत आहे आणि मोडी वाचणारा माणूस शोधून आणावा लागतो. बॅकअप आहे, पण उघडायचा प्रोग्राम गेला!

आणि बॅकअप घेऊन भागत नाही, तो परत उघडून पाहावा लागतो. आमच्या शाखेत आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. एकदा तपासणी झाली तेव्हा कळले की त्यांत वाळूपेक्षा पान खाऊन थुंकलेले अधिक आहे. २०११च्या फेब्रुवारीत जीमेलच्या ०.०२ टक्के लोकांची पत्रे अचानक दिसेनाशी झाली होती. ती परत आली कशावरून? तर कॅसेटसारख्या फितीवर घेऊन ठेवलेल्या प्रतीवरून. त्यांच्या बादलीत वाळू होती.

असो. तर माळा उतरवला. त्यात निघाले काय? शेकडा नव्वद कचरा. वीज मंडळाची बिले, ओटीपी, कुकरवर सवलत, मिक्सरवर सवलत, आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. माझा वाढदिवस सर्वांत निष्ठेने कोण लक्षात ठेवते, तर एक विमा कंपनी. मी आणखी एक वर्ष जगलो ह्याचा आनंद खऱ्या अर्थाने तिलाच होत असणार. हा सगळा ऐवज चिरंजीवांनी एका बोटाने उडवला. मी म्हटले, "थांब, यादी तरी करू." त्यांनी माझ्याकडे रेकॉर्डरूमकडे पाहावे तसे पाहिले.

आणि त्या कचऱ्याच्या तळाशी अण्णांची पत्रे होती.

अण्णा म्हणजे आमचे वडील. शाळामास्तर. आमचा दादा २००० साली न्यू जर्सीला गेला. दुसऱ्याच वर्षी अण्णा साठाव्या वर्षी सायबर कॅफेत जाऊन बसले आणि तासाला वीस रुपये मोजून ई-मेल शिकले. सातशे मुलांना शुद्धलेखन शिकवलेला माणूस, पण तेव्हा मराठी लिहायचे तर इंग्रजी अक्षरांतच लिहावे लागे. ते सुरुवात करीत, 'चि. दादास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.' हा 'वि. वि.' इंग्रजी अक्षरांत पाहून दादाच्या अमेरिकन शेजाऱ्याने हा कोणी नातेवाईक आहे का, असे विचारले होते. माझ्या पत्त्यावर प्रत्येक पत्राची प्रत येई. मी त्याच घरात राहत असे, पण अण्णांचे म्हणणे, "नक्कल असावी."

अण्णा २०१९ साली गेले. त्यांचे टपालाचे खाते मग कोणी उघडले नाही. बँकेत दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे झाली की पैसे रिझर्व्ह बँकेने २०१४ साली काढलेल्या निधीत जातात. पण वारस कागद घेऊन आला तर ते परत मिळतात. टपालाच्या खात्याला एवढी माया नाही. गूगलने तर दोन वर्षे पडून राहिलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३पासून काढून टाकायला सुरुवात केली. म्हणजे मेलेल्या माणसाचा रुपया जिवंत राहतो, शब्द राहत नाही. अण्णांचे शब्द आता माझ्या 'नकलां'तच होते.

ती पत्रे मी तीन रात्री वाचली. त्यांत पाऊस होता, भाजीचे भाव होते, कोणाच्या गुडघ्याचे ऑपरेशन होते. आणि त्यांत वाडा होता.

सातारा जिल्ह्यातला आमचा वडिलोपार्जित वाडा २००९ साली विकला. छप्पर बसले होते, एक भिंत पावसात गेली होती. अण्णांनी दादाला कळवले, 'वाडा विकला.' इंग्रजी अक्षरांत 'वाडा' आणि 'वडा' सारखेच दिसतात. पाच जानेवारीचे पत्र, आणि त्याला दादाचे उत्तर : 'अभिनंदन! या वयात कशाला दगदग? पण कितीला विकला?' अण्णांनी आकडा लिहिला. वड्याला तो फार होता आणि वाड्याला फारच कमी. मग दादाच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याने ते पत्र लिहिले.

ते पत्रही माझ्या माळ्यावर होते. अण्णांना लिहिलेले, मला नक्कल. त्याच्या रात्री दोन वाजता लिहिलेले. मजकूर मी सांगत नाही. एवढेच सांगतो की त्यात 'मला विचारावंसं वाटलं नाही' हे वाक्य चार वेळा होते आणि पाचव्या वेळी जे होते ते कुठल्याच मुलाने वडिलांना लिहू नये असे होते.

तो रविवार होता, म्हणून मी घरात होतो. अण्णांनी दुपारी बारा-साडेबाराला ते वाचले. चष्मा काढून पुसला, परत वाचले. मग जेवायला बसले नाहीत. पोट जड आहे म्हणाले. संध्याकाळी साडेपाचला फोन वाजला. दादा नुकताच झोपेतून उठला असणार. पलीकडचे मला ऐकू आले नाही. अलीकडचे आले. अण्णा म्हणाले, "पत्र? कसलं पत्र? अरे, आज सकाळपासून लोडशेडिंग आहे, कॉम्प्युटर उघडलाच नाही मी. बरं, नाही वाचत. न वाचता काढून टाकतो." आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरात आईचा मिक्सर घरघरत होता.

फोन ठेवून अण्णा कॉम्प्युटरपाशी गेले, ते पत्र काढून टाकले आणि म्हणाले, "पानं घ्या." आई म्हणाली, "मगाशी पोट जड होतं ना?" अण्णा म्हणाले, "हलकं झालं."

दुसऱ्या वर्षी दादा आला तेव्हा दोघे मिळून गावी जाऊन रिकामी जागा पाहून आले आणि येताना वाटेत वडे खाऊन आले.

आता माझ्यापुढचा पेच पाहा. अण्णांकडची प्रत अण्णांनीच नष्ट केली. माझ्याकडची तशीच राहिली. आता ती तीन प्रतींत, दोन प्रकारच्या वस्तूंवर, शिवाय कोल्हापूरला जाणार. गूगलने २०१३पासून एक सोय ठेवली आहे : आपण फिरकलो नाही तर आपली पत्रे कोणाला मिळावीत, अशी दहापर्यंत माणसे नेमता येतात. म्हणजे नॉमिनीच. माझे नॉमिनी चिरंजीव. उद्या ते हा माळा उघडतील तेव्हा त्यांना काय सापडेल? काकांनी आजोबांना काय लिहिले, ते सापडेल. फोन सापडणार नाही. लोडशेडिंग सापडणार नाही. वडे सापडणार नाहीत.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर ह्या वहीत नावे रक्कम पडली आहे, जमा पडलेलीच नाही. माणसे भांडतात ती लिहून, आणि समेट करतात तो तोंडी. राग आला की हात कळफलकाकडे जातो. राग गेला की फोनकडे, नाहीतर गाडीच्या किल्लीकडे. त्यामुळे कोणाचाही जुना पत्रव्यवहार उघडा, हे कुटुंब एकत्र नांदले कसे असा प्रश्न पडावा. आर्काइव्हमध्ये एक अक्षर खोटे नसते, एक पत्र गहाळ नसते, आणि तरी ताळेबंद जुळत नाही. पहिल्या बाजीरावाने कर्जापायी ब्रह्मेंद्रस्वामींना काय कळवळून लिहिले ते आपण आज वाचू शकतो. त्या रात्री पेशव्यांना घरात कोणी "होईल सगळं ठीक, दोन घास खा" असे म्हटले असेल, तर ते कुठल्याच रुमालात नाही.

मग पत्र काढून टाकावे का? माझे बोट दोनदा त्या बटणावर गेले आणि दोन्ही वेळा वीस वर्षांची नोकरी आडवी आली. बँकेत पहिला धडा शिकवतात तो हा की चुकीची नोंद खोडायची नाही. खाडाखोड हा गुन्हा. चूक दुरुस्त करायची असेल तर उलट नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि ती मिटल्याचेही दिसते. शिवाय पत्र माझे कुठे होते? १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पत्रातल्या मजकुरावर हक्क लिहिणाऱ्याचा. ज्याला ते आले त्याच्याकडे फक्त प्रत. आणि मला तर ते आलेलेही नव्हते, नक्कल आली होती.

सौ.ला विचारले. ती म्हणाली, "ज्याचं आहे त्याला विचारा की." मी तिला काफ्काची गोष्ट सांगितली. काफ्का १९२४ साली वारला, त्याने मॅक्स ब्रोड ह्या मित्राला लिहून ठेवले होते की माझे कागद न वाचता जाळून टाक. ब्रोडने जाळले नाहीत, छापले, आणि जग त्याला दुवा देते. आमच्या बँकेत ग्राहकाची लेखी सूचना अशी धाब्यावर बसवली असती तर मेमो मिळाला असता. सौ. म्हणाली, "तुमच्या दादांनी काही कादंबरी लिहिलेली नाही. फोन करा."

मी फोन केला. अडचण अशी होती की दादाच्या समजुतीप्रमाणे अण्णांनी ते पत्र वाचलेच नव्हते. त्या समजुतीला धक्का न लावता विचारायचे होते. मी म्हटले, "दादा, तुझं २००९चं एक पत्र माझ्याकडे निघालंय. वाड्याचं."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग दादा म्हणाला, "अण्णांनी वाचलं होतं ते."

"तुला काय माहीत?"

"अरे, सकाळपासून लोडशेडिंग आहे म्हणाले, आणि मागं मिक्सर चालला होता. मी इंजिनियर आहे."

सोळा वर्षे! अण्णांनी वाचलेले नाही असे दाखवले, आणि दादाने ते खरे मानले असे दाखवले. दोघांनी एकमेकांचे खोटे सोन्यासारखे सांभाळले, दोघेही मिळून रिकामी जागा पाहून आले, आणि ह्यातले अक्षरही कुठे लिहिलेले नाही.

"मग काढून टाकू?" मी विचारले.

"नको," दादा म्हणाला. "मी लिहिलं होतं ते लिहिलं होतं. ठेव. पण खाली लिही की त्याच दिवशी फोन केला होता. आणि मिक्सरचं लिही."

तेव्हा मी त्या पत्राला जोडून, दादाला नक्कल देऊन, एक मेल लिहिली. बँकेत लिहितात तशीच : 'वरील पत्राची उलट नोंद. त्याच दिवशी सायंकाळी साडेपाच वाजता पत्रलेखकाचा फोन आला. पत्र वाचले नाही असे वडिलांनी सांगितले. पत्र वाचले होते. हे उभयतांस माहीत होते. फोन चालू असताना घरात मिक्सर चालू होता. हिशेब मिटला आहे.' दादाचे उत्तर आले, 'बरोबर.' एवढा नेमका पत्रव्यवहार आमच्या घराण्यात ह्यापूर्वी झालेला नव्हता.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की जपायला हरकत नाही, पण नुसते साठवणे म्हणजे जपणे नव्हे. सगळेच ठेवून देणारा माणूस काही ठरवत नसतो. तो निर्णय व्याजासकट पुढच्या पिढीच्या खाती ढकलत असतो. आणि सगळेच पुसणारा तरी काय वेगळा? तोही हिशेब न पाहताच वही जाळतो. वर्षातून एक रविवार काढावा, माळ्यावर चढावे, कुकर आणि मिक्सर टाकून द्यावेत, आणि जिथे नावे पडलेले दिसते तिथे, आठवत असेल तोवर, जमेची ओळ लिहून टाकावी. बॅकअप यंत्र घेते. जमा यंत्राला दिसत नाही. ती ज्याने ऐकली त्यालाच लिहावी लागते, आणि ऐकलेली माणसे दरसाल कमी होत जातात.

माझ्याकडे ऐकलेले आणखी एक माणूस शिल्लक होते, हे मला बॅकअप कोल्हापूरला धाडायच्या आदल्या दिवशी सुचले. आई आता एक्याऐंशी वर्षांची आहे. तिला ती नोंद वाचून दाखवली. तिने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण मिक्सरमध्ये काही नव्हतं."

"म्हणजे?"

"रिकामाच लावला होता. फोनवर बोलताना ह्यांचा आवाज भरून आला होता. पोराला तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून."

मी पेन उचलले, तशी ती म्हणाली, "आणि हे काही तुझ्या त्या कॉम्प्युटरात घालू नकोस. तिथं म्हणे काही मरत नाही."

ते मी कॉम्प्युटरात घातलेले नाही. पुस्तकाबद्दल तिची काही हरकत दिसली नाही. पुस्तकाला कसर लागते, हे तिला ठाऊक आहे.